पॅड थाई : बाबांना एक प्लेट चालेल का?

अनघा_बँकॉक
नमस्कार मंडळी. बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे बँकॉकला येतायत, दोन महिने राहतील. वय ६८. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर आटोक्यात आहे. रक्तदाबाचीही एक गोळी चालू आहे. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडलेच नव्हते, त्यामुळे इथे त्यांना मोकळं वाटावं, चार गोष्टी हौसेने खाव्यात असं मला फार वाटतं.

आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक बाई पॅड थाईची, म्हणजे इथल्या परतलेल्या नूडल्सची, गाडी लावतात. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी ती कढई, तो जाळ, त्यात फुटणारं अंडं बघितलं आणि "आलो की पहिलं हे खाणार" म्हणाले. आता घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, नूडल्स म्हणजे मैदा, शुगरवाल्या माणसाला विष, अजिबात देऊ नकोस. नवरा म्हणतो, अंडं, कोळंबी, टोफू, दाणे, मोड, एवढं चौरस जेवण आपल्या घरी तरी रोज होतं का?

मला खरंच समजून घ्यायचंय. एका प्लेटमध्ये पोटात नेमकं काय जातं? त्यांच्यासाठी ती जेवण म्हणून चालेल का, की चार घास चाखून थांबवू? कुणी हिशेब मांडला असेल तर कृपया सांगा.

निवळशंख
भावाला आधी सांगा की यात मैदा नसतो. पॅड थाईच्या पट्ट्या तांदळाच्या असतात. थायलंडमध्ये त्यांना 'सेन चान' म्हणतात. सेन म्हणजे नूडल आणि चान म्हणजे चांथाबुरी प्रांत, तिथल्या नूडल्स चिवट आणि न तुटणाऱ्या म्हणून नावाजलेल्या. मालवणकडे शिरवाळे खाल्ले असतील तर तांदळाची शेव ही काही परकी वस्तू नाही.

पक्या_परळ
विषय गंभीर आहे, पण एक सांगतोच. आमच्या कँटीनच्या फळ्यावर कुणीतरी मराठीत 'पाद थाई' लिहिलं होतं. दिवसभरात एकही प्लेट खपली नाही. दुसऱ्या दिवशी 'थाई नूडल्स' लिहिलं, एक वाजायच्या आत संपल्या!

कखगघ_थाई
@पक्या 😂 तुमच्या कँटीनवाल्यांना योग्य उच्चार द्या, म्हणजे प्रश्नच मिटेल. थाईत तो शब्द 'फत् थाय' असा आहे. हा फ इंग्रजी एफसारखा दातओठांचा नाही, आपल्या आज्या 'फणस' म्हणायच्या ना, तो ओठ मिटून सोडलेला फ. फत् म्हणजे परतणे. थाय पद्धतीने परतलेलं, एवढाच अर्थ. मी सहा महिने थाई शिकतोय आणि मराठीमुळे ख, थ, फ हे उच्चार मला पहिल्या दिवसापासून जमले. वर्गातल्या युरोपियन लोकांचा अजून झगडा चाललाय.

डाएट_डायरी
अनघा, मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात काम करते. हिशेब मांडते. प्रत्येक गाडीचं माप वेगळं, त्यामुळे हा अंदाज समजा, पण पाया पक्का आहे.

मध्यम प्लेटला कोरड्या नूडल्स साधारण ७० ग्रॅम लागतात. त्यातून २५० च्या आसपास कॅलरी येतात आणि प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. तेल एक मोठा चमचा धरला तर १२० ते १३५ कॅलरी. इथेच सगळा खेळ आहे, कारण कढईत दोन चमचे पडले तर तेवढ्याच कॅलरी आणखी वाढतात आणि डोळ्यांना काही कळत नाही. गूळसाखर १२ ग्रॅम धरली तर ४५. अंडं ७०. कोळंबी ५० ग्रॅम, कॅलरीही ५०च, पण प्रथिनं १० ग्रॅम. टोफूचे तुकडे ४० ग्रॅम, ५५ कॅलरी. वर भुरभुरलेले दाणे ५५ ते ६०. मोड, पात, चिंच आणि बाकी किडुकमिडुक मिळून ३० ते ३५.

एकूण ७०० च्या जवळ. प्रथिनं २५ ते ३० ग्रॅम, कर्बोदकं ७०-७५ ग्रॅम. प्रथिनांच्या बाबतीत तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. कांदेपोह्यांच्या किंवा साबुदाण्याच्या खिचडीच्या बशीत याच्या निम्मीही प्रथिनं नसतात. पण ७५ ग्रॅम कर्बोदकं एका बसणीला, आणि त्यातली काही थेट साखर, हे मधुमेह्याला जास्त आहे. म्हणून माझं उत्तर: जेवण म्हणून चालेल, पूर्ण प्लेट जशीच्या तशी नको.

मीरा_एडिसन
वरचा हिशेब बँकॉकच्या गाडीचा आहे हे अमेरिकेतल्या मंडळींनी लक्षात घ्या. आमच्याकडे पार्सलच्या एका डब्यात दोन माणसांचं जेवण असतं, आणि बऱ्याच ठिकाणी चिंचेऐवजी केचप आणि साखर घालून लालभडक करतात. मी पहिल्यांदा बँकॉकला गेले तेव्हा समोर आलेली प्लेट बघून "एवढीच?" असं झालं होतं. खाऊन झाल्यावर मात्र पोट बरोबर भरलं.

सुकटप्रेमी
मी रत्नागिरीचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने थायलंडला गेलो होतो. खाण्याची धास्ती होती. पहिल्याच संध्याकाळी पॅड थाईच्या गाडीसमोर उभा राहिलो आणि बघतच राहिलो. चिंचेचा कोळ. माडाचा गूळ. भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट. वाटीत सुकट! आणि प्लेटच्या कडेला काय ठेवलं असेल? केळफुलाची कच्ची फोड!

आमच्या आजीच्या फळीवरच्या डब्यांतलं सामान घेऊन कुणीतरी वेगळाच पदार्थ केलाय असं वाटलं. चिंच-गूळ-दाणे म्हणजे आमटी झाली की. मला त्या क्षणी घरची इतकी आठवण आली की बाजूच्या माणसाला मी मराठीत सांगत सुटलो, तोही हसून मान डोलवत होता.

अनघाताई, बाबांना ते केळफूल जरूर खायला लावा. तुरट लागतं, लिंबू पिळून नूडल्सबरोबर चावायचं. लोक कडेला सारून टाकून देतात त्याचं वाईट वाटतं.

डाएट_डायरी
@सुकटप्रेमी, केळफुलाचं अगदी मनापासून पटलं. अख्ख्या प्लेटमध्ये तंतू कमी असतात, ते केळफूल, मोड आणि पात यांतूनच येतात. कडेला दिलेलं हिरवं हा त्या पदार्थाचाच भाग आहे, सजावट समजू नये.

फक्त मोड कच्चे नकोत. ओलसर उबेत जंतू फार झपाट्याने वाढतात, आणि साठीपुढच्या माणसांना कच्चे मोड टाळायलाच सांगतात. शेवटी कढईत टाकून चांगले परतून घ्यायला सांगा.

गोडघाशी
माडाचा गूळ आहे ना? मग साखरेची चिंता कशाला? नैसर्गिक गोष्ट आहे, शुगर वाढत नाही त्याने.

निवळशंख
@गोडघाशी, हा गैरसमज माझ्या काकांना महागात पडला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माडाचा असो, उसाचा असो, गुळात बहुतांश साखरच असते. खनिजं असतात, पण एका चमच्यात मिळणारी इतकी थोडी की त्यासाठी गूळ खावा असं नाही. चवीसाठी खा, औषध म्हणून नको. काका 'गूळच तर आहे' म्हणत रोज चहात घालत राहिले आणि तीन महिन्यांची सरासरी वर गेली.

शाकाहारी_सातारा
आम्ही दोघं दिवाळीनंतर थायलंडला जातोय. शुद्ध शाकाहारी. पॅड थाई आमच्यासाठी बादच का? कोळंबी काढायला सांगितली की झालं ना?

कखगघ_थाई
@शाकाहारी_सातारा, कोळंबी काढली तरी फिश सॉस राहतो, त्याला 'नाम प्ला' म्हणतात. तो माशाचाच, मीठ लावून आंबवून काढलेला. शिवाय सुकट बारीक असते, दिसत नाही.

दोन शब्द पाठ करा. पहिला 'मांग सा वि रत'. नीट ऐकलात तर ओळखाल, संस्कृतातला मांसविरती! पण यात अंडं चालतं असं बरेच जण धरतात. दुसरा 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की तिथे जे पद्धतीचं अन्न मिळतं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, लसूण-कांदाही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस तिकडे हे व्रत पाळतात, फुकेतला तर मोठा उत्सव असतो. आपल्या चातुर्मासातल्या कांदाबंदीची आठवण येते. तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे तो उत्सव चुकेल, पण जे दुकानं बाराही महिने असतात.

डाएट_डायरी
शाकाहारी प्लेटमध्ये कोळंबी-अंड्याची मिळून १६ ग्रॅम प्रथिनं निघून जातात, हे विसरू नका. टोफू दुप्पट-अडीचपट मागा, दाणे थोडे जास्त. नाहीतर हाती उरतात फक्त गोड-आंबट तांदूळ.

हिरवा_मूग
अनघा, सरळ मुगाच्या काचेसारख्या पारदर्शक नूडल्सचं पॅड थाई मागा. तेही मिळतं, 'वुन सेन' म्हणतात. मूग म्हणजे प्रथिनंच प्रथिनं!

डाएट_डायरी
@हिरवा_मूग, मिळतं हे बरोबर, पुढचं नाही. त्या नूडल्स मुगाच्या पिठाच्या नसतात, मुगातून वेगळ्या काढलेल्या स्टार्चच्या असतात. प्रथिनं त्या प्रक्रियेत बाहेर पडतात. कोरड्या मापाने कॅलरी तांदळाच्या नूडल्सइतक्याच आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. फायदा एकच: हा स्टार्च सावकाश पचतो, त्यामुळे साखर जरा हळू चढते. तेवढ्यासाठी मागवायला हरकत नाही, मुगाच्या डाळीच्या भरवशावर नको.

तांदळाच्या नूडल्सबद्दलही एक सांगायचं राहिलं. त्यांना बहुधा जास्त अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) असलेला, शिजून मोकळा राहणारा तांदूळ घेतात, चिकट तांदळाची पट्टी धरतच नाही. असा तांदूळ मऊ गुरगुट्या भातापेक्षा सावकाश पचतो. म्हणून 'भातापेक्षा नूडल्स वाईट' हे इथे सरसकट खरं नाही.

आजोबा_नाशिक
मी ७४ वर्षांचा, मधुमेह २० वर्षांचा. स्पष्ट बोलतो, राग नसावा. या वयात जिभेचे चोचले कशाला? ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी जगात कुठेही करता येते. वडिलांचं भलं हवं असेल तर तीच द्या.

सुकटप्रेमी
आजोबा, तुमचा अनुभव मोठा आहे. पण माझे वडील शेवटची तीन वर्षं फक्त पथ्याचं जेवले. शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी एकदा तिसऱ्यांचं सुकं मागितलं होतं आणि आम्ही 'डॉक्टर नको म्हणतात' म्हणून दिलं नाही. डॉक्टरांना आम्ही विचारलंच नव्हतं. ते मला आजही डाचतं. अनघाताई निदान विचारतायत तरी.

आजोबा_नाशिक
सुकटप्रेमी, वाचलं. माझा शब्द मागे घेतो. हिशेबाने द्यावं, पण द्यावं.

बखर_वाचक
थोडं अवांतर. हा पदार्थ फार जुना नाही, ही मला यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. परतलेल्या नूडल्स चिनी स्थलांतरितांनी आणल्या. पदार्थाच्या पूर्ण जुन्या नावात 'क्वाय तिआओ' येतं, ते चिनीच. पण 'थाय' हे बिरुद लागलं ते फिबुन सोंगख्राम पंतप्रधान असताना. १९३९ साली सयामचं नाव थायलंड झालं, राष्ट्रीय पेहराव, राष्ट्रीय चालीरीती कशा असाव्यात याची फर्मानं निघाली. युद्धाच्या काळात तांदळाची ओढ होती, तेव्हा सरकारने लोकांना नूडल्स खायला प्रोत्साहन दिलं. नेमकी पहिली कढई कुणी चढवली यावर मतभेद आहेत, पण सरकारी पाठबळाने रस्तोरस्ती पोचलेला पदार्थ, एवढं नक्की. त्यात मोड, अंडं, टोफू असणं त्या काळाच्या पोषणाच्या विचाराशीही जुळतं.

आणि दाणे व मिरची दोन्ही मूळ अमेरिका खंडातली, युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आशियात आलेली. म्हणजे आपली आमटी आणि त्यांची कढई, दोघी एकाच पाहुण्यांच्या ऋणात.

पक्या_परळ
बखरवाचक, अशी अवांतरं हजार येऊ देत. आता कँटीनवाल्याला इतिहासासकट सांगतो.

शिफ्ट_संपली
मी नर्स आहे, मुंबईत कार्डिअ‍ॅक वॉर्डात. पूर्ण धागा वाचला. सगळे साखरेमागे लागलात आणि अनघाने पहिल्याच परिच्छेदात रक्तदाबाची गोळी लिहिली आहे, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सोडियम १४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ. इथे सॉस आहे, वर सुकट खारी, आणि बारीक चिरलेला खारवलेला मुळा असतो तोही. एका प्लेटमध्ये दिवसभराचं मीठ संपू शकतं. साखर ग्लुकोमीटरवर दिसते म्हणून आपण घाबरतो. मीठ दिसत नाही, दुसऱ्या दिवशी पाय सुजतात तेव्हा कळतं. माझ्या वॉर्डात लग्नसराईनंतर आणि दिवाळीनंतर गर्दी होते ती बरीचशी मिठाची.

त्यामुळे माझं म्हणणं: बाबांनी पॅड थाई खाल्ली त्या दिवशी बाकीची दोन्ही जेवणं अळणीकडे झुकलेली ठेवा. पापड, लोणचं, पाकिटातलं काही नको. आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

डाएट_डायरी
@शिफ्ट_संपली, मनापासून आभार. ही ओळ मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवी होती.

कोथरूड_ते_कोह_सामुई
मी सामुईला स्वयंपाकाच्या एका वर्गात पॅड थाई शिकले, त्यातून कळलेली एक व्यवहाराची गोष्ट. बऱ्याच गाड्यांवर चिंच, गूळ आणि फिश सॉस एकत्र उकळून बाटलीत भरून ठेवलेलं असतं. म्हणून 'माय साय नाम तान', म्हणजे साखर घालू नका, असं सांगितलं तरी वरून पडणारा पांढऱ्या साखरेचा चमचा तेवढा वाचतो, बाटलीतला गूळ जातोच. खरं काम होतं ते सॉसच कमी घालायला सांगितलं तर. साखर आणि मीठ दोन्ही एका फटक्यात कमी होतात. चव लिंबाने भरून काढायची, त्यासाठीच फोड दिलेली असते.

टेबलावर चार बरण्या असतात: साखर, तिखट, मिरची घातलेला फिश सॉस, मिरची घातलेलं व्हिनेगर. थाय माणूस स्वतः चव जुळवून घेतो, त्यामुळे कमी मागितल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. बाबांना व्हिनेगर आणि तिखटाची बरणी द्या, बाकीच्या दोन लांब सरकवा. काही ठिकाणी नूडल्सऐवजी कच्च्या पपईचा कीस घालूनही करतात, शेजारी आपल्यासाठी तीही एक मागवता येते.

अनघा_बँकॉक
मंडळी, महिना उलटला, बाबा येऊन दहा दिवस झाले. तुम्ही सगळ्यांनी इतका जीव लावून लिहिलंत, हकिगत सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आठवड्यातून एकदा, दुपारी, चालणार असाल तर, असं सांगितलं. पहिल्या वेळी मी गडबडीत काहीच न सांगता प्लेट घेतली. बाबांनी पाऊण खाल्ली, फार आवडली. दोन तासांनी साखर १९२. मी घाबरले, ते नाही.

काल पुन्हा गेलो. या वेळी मी आदल्या दिवशीच बाईंशी बोलून ठेवलं होतं. इथे आम्ही त्यांना 'पा' म्हणतो, म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण. वडिलांना मधुमेह आहे म्हटल्यावर त्यांनी हात हलवून मला गप्प केलं आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. त्यांनाही आहे, नऊ वर्षांपासून. मग त्यांनी नूडल्स निम्म्या घेतल्या, टोफू आणि कोळंबी वाढवली, मोड मूठभर जास्त घालून नीट परतले, सॉस अर्धी पळी. आम्ही आधी केळफूल आणि पात खाल्ली, मग प्लेट. घरी चालत आलो, वीस मिनिटं. दोन तासांनी १५१. संध्याकाळी मुगाचं अळणी वरण आणि काकडी.

सुकटप्रेमी, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुझी आई केळफूल सोलायला बसली की तेलाचा हात मला पुढे करायला लावायची." आज सकाळी त्यांनी पा-बाईंकडून एक अख्खं केळफूल मागून आणलंय. पैसे घेतले नाहीत त्यांनी. बाबांना भाजी करायची आहे आणि आम्हा दोघांनाही नीट येत नाही. आई वाटाणे घालायची की चणे, यावर आमचं एकमत होत नाहीये. कुणी सांगेल का?

सुकटप्रेमी
काळे वाटाणे, ताई! रात्रीच भिजत घाला. प्रत्येक फुलातला मधला कडक दांडा आणि ती पातळ पारदर्शक पाकळी काढायची, मग बारीक चिरून ताकाच्या पाण्यात ठेवायचं. सकाळी पाणी पिळून टाका. फोडणीत हळद-हिंग, वाटाणे वेगळे शिजवून घ्या, मीठ बेताने, वरून ओलं खोबरं. गूळ घालतात, तुम्ही घालू नका.

आजोबा_नाशिक
आमच्याकडे चणे घालतात. पण बाबांना जे आठवतंय तेच घाला.